भारतातील अतिश्रीमंतांवरील कर आकारणीचा वाद

भारतातील अतिश्रीमंतांवरील कर आकारणीचा वाद हा समाजातील सर्वाधिक उत्पन्न किंवा संपत्ती असलेल्या व्यक्तींवर किती, कोणत्या प्रकारचा आणि कोणत्या आधारावर कर लावावा, याविषयी स्वातंत्र्योत्तर काळापासून चालत आलेला राजकीय व आर्थिक वाद आहे. भारताने १९५३ ते १९५८ या काळात मृत्युकर, संपत्ती कर, खर्च कर आणि देणगी कर असे चार नवे प्रत्यक्ष कर लागू केले. २०१५ पर्यंत हे चारही कर रद्द झाले. सध्या अतिश्रीमंतांवरील अतिरिक्त कर प्रामुख्याने प्राप्तिकरावरील अधिभाराच्या स्वरूपात आकारला जातो.

श्रीमंतांनी अधिक कर द्यावा, हे तत्त्व भारतातील बहुतेक सर्व प्रमुख राजकीय पक्षांनी वेळोवेळी मान्य केले आहे. मतभेद मुख्यतः कराचा आधार उत्पन्न असावा की संचित संपत्ती, वारशावर कर असावा की नसावा, शेतीतून मिळणारे उत्पन्न करमुक्त राहावे का, आणि उच्च दरांमुळे सरकारच्या महसुलात प्रत्यक्ष किती भर पडते, या प्रश्नांवर आहेत.

## करांचे प्रकार

श्रीमंतांवरील करांची चर्चा पुढील करांच्या संदर्भात होते.

- प्राप्तिकर (आयकर): व्यक्तीच्या वार्षिक उत्पन्नावरील कर. उत्पन्न वाढते तसा दरही वाढत असल्याने त्यास प्रगतिशील कर म्हणतात.
- अधिभार: देय प्राप्तिकराच्या रकमेवर टक्केवारीने आकारला जाणारा अतिरिक्त कर. तो उत्पन्नावर नव्हे, तर करावर मोजला जातो.
- संपत्ती कर: व्यक्तीच्या एकूण मालमत्तेतून कर्जे वजा करून उरणाऱ्या निव्वळ संपत्तीवर दरवर्षी आकारला जाणारा कर. महानगरपालिका घर किंवा इमारतीवर आकारतात तो मालमत्ता कर यापेक्षा वेगळा आहे.
- मृत्युकर व वारसा कर: व्यक्तीच्या मृत्यूनंतर हस्तांतरित होणाऱ्या संपत्तीवरील कर. मृत्युकर मृताच्या एकूण संपत्तीवर, तर वारसा कर प्रत्येक वारसास मिळणाऱ्या हिश्श्यावर मोजला जातो. सार्वजनिक चर्चेत दोन्ही संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात.
- भांडवली नफ्यावरील कर: समभाग, जमीन, घर इत्यादी मत्ता विकून मिळालेल्या नफ्यावरील कर. मत्तेची किंमत वाढली, तरी ती विकली जाईपर्यंत हा कर लागू होत नाही.

## घटनात्मक चौकट

भारतीय संविधानाच्या चौथ्या भागातील अनुच्छेद ३९ (ग) मध्ये अर्थव्यवस्थेच्या कार्यपद्धतीमुळे संपत्ती व उत्पादनसाधने यांचे सर्वसामान्यांना अपायकारक होईल असे केंद्रीकरण होऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. वाढीव कराचे समर्थक या तत्त्वाचा आधार घेतात. मात्र मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत थेट अंमलात आणता येत नाहीत.

सातव्या अनुसूचीनुसार शेतीव्यतिरिक्त उत्पन्नावरील कर, शेतजमीन वगळून इतर मत्तांच्या भांडवली मूल्यावरील कर आणि शेतजमीन वगळून इतर मालमत्तेवरील मृत्युकर हे विषय केंद्र सूचीत आहेत. शेतीच्या उत्पन्नावरील कर आणि शेतजमिनीच्या वारशावरील कर हे राज्य सूचीतील विषय आहेत. या विभागणीमुळे ग्रामीण भागातील मोठे जमीनधारक केंद्राच्या प्राप्तिकराच्या कक्षेबाहेर राहिले.

अनुच्छेद २७१ अन्वये संसदेला केंद्राच्या प्रयोजनांसाठी अधिभार लावता येतो. अधिभाराचे उत्पन्न राज्यांना वाटून द्यावे लागत नाही. अतिश्रीमंतांवरील कर अधिभाराच्या रूपाने वाढू लागल्यानंतर ही तरतूद वादाचा महत्त्वाचा भाग बनली.

## इतिहास

### मृत्युकर आणि मथाई आयोग

स्वातंत्र्यानंतर श्रीमंतांना उद्देशून आणलेला पहिला मोठा कर म्हणजे मृत्युकर होय. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना संमत झालेला मृत्युकर कायदा १५ ऑक्टोबर १९५३ पासून लागू झाला. वारशाने मिळणाऱ्या संपत्तीमुळे पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी विषमता कमी करणे, हा त्याचा घोषित हेतू होता. या कराचा सर्वोच्च दर पुढे ८५ टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आला.

याच सुमारास जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील करचौकशी आयोगाने करोत्तर वैयक्तिक उत्पन्नावर मर्यादा असावी आणि ती सरासरी कौटुंबिक उत्पन्नाच्या सुमारे ३० पटींपेक्षा अधिक नसावी, असे मत मांडले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने गाठावी, अशी आयोगाची भूमिका होती.

### कॅल्डॉर अहवाल

१९५६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी भारतीय करव्यवस्थेचा अभ्यास करून अहवाल सादर केला. प्राप्तिकर, भांडवली नफ्यावरील कर, वार्षिक संपत्ती कर, वैयक्तिक खर्च कर आणि देणगी कर हे पाच कर एकत्रितपणे आकारावेत, अशी त्यांची मुख्य शिफारस होती. करदात्याने एका विवरणपत्रात लपवलेली रक्कम दुसऱ्या कराच्या विवरणपत्रात उघड होईल आणि त्यामुळे सर्व कर परस्परांवर नियंत्रण ठेवतील, असा त्यामागील विचार होता. कराचा पाया अशा रीतीने विस्तारल्यावर प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणावा, असेही त्यांनी सुचवले होते.

अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी या योजनेचा काही भाग स्वीकारला. संपत्ती कर १ एप्रिल १९५७ पासून, तर खर्च कर व देणगी कर १ एप्रिल १९५८ पासून लागू झाले. संपत्ती कराचे दर प्रारंभी अर्धा ते दीड टक्का असे होते. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ४५ टक्क्यांवर आणण्याची शिफारस मात्र स्वीकारली गेली नाही. नवे कर अनेक सवलतींसह आणि जुने उच्च दर बऱ्याच अंशी कायम ठेवून लागू झाल्याने कॅल्डॉर यांच्या मूळ योजनेची रचना प्रत्यक्षात उतरली नाही.

खर्च कराचे उत्पन्न अत्यल्प राहिले. मोरारजी देसाई यांनी तो १९६२ मध्ये रद्द केला, कृष्णम्माचारी यांनी १९६४ मध्ये पुन्हा आणला आणि सचिंद्र चौधरी यांनी १९६६ मध्ये कायमचा रद्द केला.

### अत्युच्च दरांचा काळ

१९६९ मधील काँग्रेस पक्षाची फूट, बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि ‘गरिबी हटाओ’ची घोषणा या पार्श्वभूमीवर प्रत्यक्ष करांचे दर झपाट्याने वाढले. इंदिरा गांधी यांनी अर्थखाते सांभाळत असताना मांडलेल्या १९७०-७१ च्या अर्थसंकल्पात २ लाख रुपयांवरील उत्पन्नासाठी प्राप्तिकराचा दर ८५ टक्के आणि त्यावर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण ९३.५ टक्के ठेवण्यात आला. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना अधिभार १५ टक्के झाला आणि १९७३-७४ मध्ये प्रभावी दर ९७.७५ टक्के होता. संपत्ती कराचा सर्वोच्च दरही या काळात ८ टक्क्यांवर पोहोचला होता.

या दोन करांचा एकत्रित परिणाम पुढील उदाहरणावरून लक्षात येतो. दोन्ही करांच्या सर्वोच्च टप्प्यात असलेल्या व्यक्तीने १०० रुपये गुंतवून वर्षाला १० रुपये मिळवले, तर प्राप्तिकरापोटी सुमारे ९ रुपये ७८ पैसे आणि संपत्ती करापोटी ८ रुपये असे एकूण सुमारे १७ रुपये ७८ पैसे द्यावे लागत. म्हणजेच कराची रक्कम गुंतवणुकीच्या उत्पन्नापेक्षा अधिक होती. घोषित गुंतवणूक अशा रीतीने तोट्याची ठरत असल्याने उत्पन्न लपवणे, बेनामी मालमत्ता घेणे, हिंदू अविभक्त कुटुंब व खासगी न्यास यांच्या नावे संपत्ती विभागणे असे मार्ग अवलंबले जात.

काळा पैसा व करचुकवेगिरी यांच्या अभ्यासासाठी नेमलेल्या माजी सरन्यायाधीश कैलासनाथ वांछू यांच्या समितीने डिसेंबर १९७१ मधील अंतिम अहवालात अत्युच्च दर हे करचुकवेगिरीचे एक प्रमुख कारण असल्याचा निष्कर्ष काढला आणि अधिभारासह सर्वोच्च दर ७५ टक्के असावा, अशी शिफारस केली. चव्हाण यांनी १९७४-७५ च्या अर्थसंकल्पात हा दर ७७ टक्क्यांवर आणला. सी. सुब्रह्मण्यम यांनी १९७६ मध्ये तो ६६ टक्के केला आणि संपत्ती कराचा सर्वोच्च दर २.५ टक्क्यांपर्यंत घटवला. पुढील काळात संपत्ती कराचा दर पुन्हा ५ टक्क्यांपर्यंत वाढला.

### शेतजमिनीचा प्रश्न

१९६९ च्या वित्त कायद्याने संपत्ती कराच्या आकारणीत शेतजमिनीच्या मूल्याचा समावेश केला. हा विषय राज्यांच्या अधिकारातील असल्याचा आक्षेप घेऊन या तरतुदीस न्यायालयात आव्हान देण्यात आले. केंद्र सरकार विरुद्ध हरभजनसिंग धिल्लन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने संसदेचा अधिकार मान्य केला.

१९७२ मध्ये अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्या समितीने जमिनीच्या उत्पादकतेवर आधारित कृषी धारणा कर सुचवला. राज्य सरकारांनी तो स्वीकारला नाही. समितीच्या दुसऱ्या एका शिफारशीनुसार १९७३ पासून बिगरशेती उत्पन्नावरील कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न विचारात घेतले जाऊ लागले, परंतु शेतीच्या उत्पन्नावर प्रत्यक्ष केंद्रीय कर लागला नाही. संपत्ती करातूनही शेतजमीन पुढे वगळण्यात आली. अल्पभूधारकांचे हितसंबंध आणि मोठ्या जमीनधारकांची करमुक्ती हे दोन्ही प्रश्न एकाच सवलतीत गुंतलेले असल्याने कोणत्याही प्रमुख पक्षाने ती मागे घेण्याचा प्रयत्न केलेला नाही.

### दरकपात आणि करांची समाप्ती

१९८५-८६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ६१.८७५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणि संपत्ती कराचा दर ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणला. त्याच अर्थसंकल्पात मृत्युकर रद्द करण्यात आला. या करातून केवळ सुमारे २० कोटी रुपये मिळतात आणि त्या मानाने वसुलीचा खर्च अधिक आहे, असे कारण देण्यात आले. एकाच संपत्तीवर संपत्ती कर आणि मृत्युकर असे दोन कायदे लागू होत असल्याने करदात्यांना होणारा त्रास, हेही एक कारण सांगितले गेले. १६ मार्च १९८५ रोजी किंवा त्यानंतर झालेल्या मृत्यूंसाठी हा कर लागू राहिला नाही.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर राजा चेल्लय्या यांच्या अध्यक्षतेखालील करसुधारणा समितीच्या शिफारशींनुसार संपत्ती कराचे स्वरूप बदलले. १ एप्रिल १९९३ पासून तो केवळ अनुत्पादक मानल्या गेलेल्या मत्तांवर १ टक्का दराने आकारला जाऊ लागला. एकाहून अधिक घरे, शहरी भूखंड, मोटारी, दागिने, खासगी नौका व विमाने आणि ठरावीक मर्यादेपलीकडील रोख रक्कम यांचा त्यात समावेश होता. समभाग, कर्जरोखे व बँकांतील ठेवी वगळण्यात आल्या. उद्योगपतींच्या संपत्तीचा बहुतांश भाग त्यांच्या कंपन्यांच्या समभागांत असल्याने देशातील सर्वात मोठ्या संपत्ती या बदलामुळे जवळजवळ पूर्णपणे कराबाहेर गेल्या.

पी. चिदंबरम यांनी १९९७-९८ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ३० टक्क्यांवर आणला. तेव्हापासून हा मूळ दर कायम आहे. देणगी कर १ ऑक्टोबर १९९८ पासून रद्द झाला. २००४ पासून काही देणग्या घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरल्या जातात, मात्र निकटच्या नातेवाइकांकडून मिळालेल्या देणग्या त्यातून मुक्त आहेत.

### अधिभाराकडे वाटचाल

२०१३-१४ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी वर्षाला १ कोटी रुपयांहून अधिक करपात्र उत्पन्न असलेल्या व्यक्तींवर १० टक्के अधिभार लावला. देशात एवढे उत्पन्न जाहीर करणाऱ्या व्यक्ती केवळ ४२,८०० आहेत, असे त्यांनी अर्थसंकल्पीय भाषणात सांगितले. हा आकडा पुढील चर्चेत वारंवार उद्धृत झाला. उच्च उत्पन्न लपवले जाते, याचा पुरावा म्हणून काहींनी, तर करदात्यांचा पाया अत्यंत अरुंद आहे, याचा पुरावा म्हणून इतरांनी त्याचा आधार घेतला.

२०१५ मध्ये अरुण जेटली यांनी संपत्ती कर रद्द केला. २०१३-१४ मध्ये या कराचे देशभरातील संकलन १,००८ कोटी रुपये होते. त्याऐवजी १ कोटी रुपयांवरील उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार लावण्यात आला आणि त्यातून सुमारे ९,००० कोटी रुपये अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. हा अधिभार २०१६ मध्ये १५ टक्के झाला. २०१७ मध्ये ५० लाख ते १ कोटी रुपयांच्या उत्पन्नावर १० टक्के अधिभार सुरू झाला.

जुलै २०१९ मध्ये निर्मला सीतारामन यांनी २ ते ५ कोटी रुपयांच्या उत्पन्नावर २५ टक्के आणि ५ कोटी रुपयांवरील उत्पन्नावर ३७ टक्के अधिभार जाहीर केला. ५ कोटी रुपयांवरील उत्पन्नाच्या बाबतीत ३० टक्के मूळ दर, त्यावर ३७ टक्के अधिभार आणि एकूण करावर ४ टक्के उपकर धरून प्रभावी दर ४२.७४ टक्के झाला. न्यासाच्या स्वरूपात नोंदलेल्या परदेशी गुंतवणूक संस्थांनाही वाढीव अधिभार लागू होत असल्याने त्यांनी भारतीय शेअर बाजारातून मोठ्या प्रमाणावर पैसे काढून घेतले. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारने समभागांच्या विक्रीतील नफ्यावरील वाढीव अधिभार मागे घेतला. सप्टेंबरमध्ये सवलती न घेणाऱ्या देशी कंपन्यांसाठी कंपनी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणण्यात आला. त्यामुळे वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असा सरकारचा अंदाज होता.

२०२३-२४ पासून नव्या करप्रणालीत सर्वोच्च अधिभार २५ टक्के करण्यात आला आणि सर्वोच्च प्रभावी दर ३९ टक्क्यांवर आला.

## वादातील प्रमुख मुद्दे

### वाढीव कराच्या बाजूने

समर्थकांचा पहिला युक्तिवाद विषमतेविषयी आहे. पॅरिस येथील जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या मार्च २०२४ मधील शोधनिबंधात नितीन कुमार भारती, ल्युका शान्सेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची यांनी २०२२-२३ मध्ये भारतातील सर्वात श्रीमंत १ टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा असल्याचा अंदाज मांडला. मे २०२४ मध्ये त्यांनी १० कोटी रुपयांहून अधिक निव्वळ संपत्तीवर २ टक्के वार्षिक कर आणि तेवढ्याच मर्यादेपलीकडील वारशावर ३३ टक्के कर सुचवला. हा कर केवळ ०.०४ टक्के प्रौढांना लागू होईल आणि त्यातून सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.७३ टक्के महसूल मिळू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे.

दुसरा युक्तिवाद उत्पन्नाच्या प्रकारांविषयी आहे. ५ कोटी रुपयांहून अधिक वेतन मिळवणाऱ्या व्यक्तीस सर्वोच्च टप्प्यात ३९ टक्के दर लागू होतो. सूचिबद्ध समभागांवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा मूळ दर २०२४ पासून १२.५ टक्के असून, १५ टक्क्यांपुरता मर्यादित अधिभार आणि उपकर धरून तो १४.९५ टक्क्यांपेक्षा अधिक होत नाही. समभाग विकलेच नाहीत, तर त्यांच्या वाढत्या मूल्यावर कोणताही कर लागत नाही, आणि ते वारसांकडे गेले तरी मृत्युकर नाही. त्यामुळे अधिभाराचा भार अधिक वेतन मिळवणाऱ्या व्यावसायिकांवर पडतो, तर मोठ्या संपत्तीचे मालक त्यातून सुटतात, असे समर्थकांचे म्हणणे आहे.

तिसरा युक्तिवाद संधीच्या समानतेचा आहे. वारशाने मिळालेली संपत्ती ही स्वतःच्या श्रमाचे फळ नसल्याने तिच्यावरील कर श्रमाच्या उत्पन्नावरील करापेक्षा अधिक न्याय्य ठरतो, असे मानले जाते.

### विरोधी भूमिका

विरोधकांचा मुख्य आधार भारताचा स्वतःचा अनुभव आहे. अत्युच्च दरांच्या काळात करचुकवेगिरी वाढली, तर मृत्युकर व संपत्ती कर यांचे उत्पन्न त्यांच्या वसुलीचा खर्च व न्यायालयीन वाद यांच्या तुलनेत अल्प राहिले, याकडे ते लक्ष वेधतात. समर्थक यास असे उत्तर देतात की, संपत्ती कराचे अल्प उत्पन्न हे त्यातून समभाग व ठेवी वगळल्याचा परिणाम होते. मालमत्तेची नोंद तेव्हा कागदोपत्री होती, आता डीमॅट खाती, पॅन व माहितीची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण यांमुळे मोजमाप अधिक शक्य झाले आहे, असेही ते म्हणतात.

संपत्तीचे मूल्यांकन हा दुसरा आक्षेप आहे. सूचिबद्ध समभागांची किंमत रोज उपलब्ध असते, परंतु खासगी कंपन्या, जमिनी, दागिने व कलाकृती यांचे मूल्य ठरवणे कठीण असते. ज्यांची संपत्ती मोठी पण रोख उत्पन्न कमी आहे, त्यांना कर भरण्यासाठी मालमत्ता विकावी लागू शकते. मोठ्या शहरांत जुन्या वडिलोपार्जित घरांत राहणाऱ्या कुटुंबांचे उदाहरण या संदर्भात दिले जाते. करमुक्तीची मर्यादा पुरेशी उंच ठेवल्यास हा प्रश्न उद्भवत नाही, असे समर्थकांचे प्रत्युत्तर आहे.

तिसरा आक्षेप भांडवलाच्या स्थलांतराचा आहे. धनाढ्य व्यक्ती दुबई किंवा सिंगापूरसारख्या कमी कर असलेल्या ठिकाणी निवास हलवू शकतात आणि त्यामुळे देशातील गुंतवणूक व रोजगार घटू शकतात, असे विरोधक सांगतात. विषमतेच्या अंदाजांसाठी वापरलेल्या आकडेवारीवरही आक्षेप घेतले जातात. कारण भारतात प्राप्तिकराची आकडेवारी लोकसंख्येच्या अल्प भागाचीच माहिती देते आणि संपत्तीविषयीची सर्वेक्षणे अतिश्रीमंतांपर्यंत क्वचितच पोहोचतात.

### राज्यांचा वाटा

वित्त आयोगाच्या शिफारशींनुसार केंद्राच्या करांचा ठरावीक हिस्सा राज्यांना मिळतो. चौदाव्या आयोगाने तो ४२ टक्के, तर पंधराव्या आयोगाने ४१ टक्के ठरवला. उपकर व अधिभार यांची रक्कम या वाटपात धरली जात नाही. केंद्राच्या एकूण करमहसुलात उपकर व अधिभारांचा वाटा २०११-१२ मधील सुमारे एक दशांशावरून २०२०-२१ पर्यंत सुमारे एक पंचमांशापर्यंत वाढला.

२०१५ चा बदल या दृष्टीने लक्षणीय आहे. अतिश्रीमंतांवरील कर मूळ दर वाढवून आकारला असता, तर त्यातील वाटा राज्यांना मिळाला असता. अधिभाराच्या रूपाने तो संपूर्णपणे केंद्राकडे जातो. आरोग्य, शालेय शिक्षण व सिंचन यांवरील खर्चाचा मोठा भार राज्ये उचलतात, त्यामुळे अनेक राज्यांनी वित्त आयोगांसमोर अधिभारांवर मर्यादा घालण्याची मागणी केली आहे. देशाच्या प्रत्यक्ष कर संकलनात महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक असून तो एक तृतीयांशाहून अधिक आहे. अनेक मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मुंबईत असणे, हे त्याचे एक कारण आहे.

राज्यांच्या अधिकारात असलेले संपत्तीच्या हस्तांतरणावरील शुल्कही कुटुंबांतर्गत व्यवहारांत सौम्य असते. महाराष्ट्रात निवासी मालमत्ता किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले व नातवंडे यांना बक्षीसपत्राने दिल्यास केवळ २०० रुपये मुद्रांक शुल्क लागते.

## २०२४ ची लोकसभा निवडणूक

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारसा कर हा प्रचाराचा मुद्दा बनला. एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेसच्या परदेशस्थ शाखेचे तत्कालीन अध्यक्ष सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा उल्लेख करून अशा विषयांवर चर्चा व्हावी, असे मत व्यक्त केले. पंतप्रधान नरेंद्र मोदी व भारतीय जनता पक्षाने काँग्रेस लोकांची वडिलोपार्जित संपत्ती हिरावून घेऊ इच्छिते, असा आरोप केला. काँग्रेसने हे पित्रोदा यांचे वैयक्तिक मत असल्याचे आणि पक्षाच्या जाहीरनाम्यात वारसा कराचा प्रस्ताव नसल्याचे स्पष्ट केले.

प्रचारादरम्यान १९८५ मध्ये मृत्युकर रद्द करण्यामागे इंदिरा गांधी यांची संपत्ती वाचवण्याचा हेतू होता, असा आरोपही मोदी यांनी केला. काँग्रेसने तो फेटाळला. इंदिरा गांधी यांचे निधन ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी झाले होते, तर करमाफी १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंना लागू होती. भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) याने मात्र अतिश्रीमंतांवर संपत्ती कर व वारसा कर लावण्याची मागणी आपल्या जाहीरनाम्यात केली होती.

## आंतरराष्ट्रीय संदर्भ

अमेरिकेत प्राप्तिकराचा सर्वोच्च दर १९४४ मध्ये ९४ टक्के होता. रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीतील १९८६ च्या करसुधारणेनंतर तो २८ टक्क्यांवर आला. भारतातील दरकपातही याच काळात वेगाने झाली. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्य देशांपैकी १९९० मध्ये १२ देशांत निव्वळ संपत्ती कर होता, तर २०१७ मध्ये तो केवळ ४ देशांत उरला होता. फ्रान्सने २०१८ मध्ये संपत्ती कराऐवजी केवळ स्थावर मालमत्तेवरील कर ठेवला. नॉर्वे, स्वित्झर्लंड व स्पेन येथे संपत्ती कर टिकून आहे.

वारशावरील करांचे चित्र वेगळे आहे. जपानमध्ये वारसा कराचा सर्वोच्च दर ५५ टक्के, तर ब्रिटनमध्ये प्रमाण दर ४० टक्के आहे. अमेरिकेत संघराज्य पातळीवरील मृत्युकराचा सर्वोच्च दर ४० टक्के असला, तरी करमुक्तीची मर्यादा अतिशय उंच आहे.

२०२४ मध्ये ब्राझीलच्या अध्यक्षतेखालील जी-२० गटासमोर फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ गाब्रिएल झुकमन यांनी अब्जाधीशांनी दरवर्षी आपल्या संपत्तीच्या किमान २ टक्के इतका कर भरावा, असा प्रस्ताव मांडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिओ दी जानेरो येथील शिखर परिषदेच्या घोषणापत्रात प्रत्येक देशाच्या करविषयक सार्वभौमत्वाचा आदर राखून अतिश्रीमंतांवर परिणामकारक कर आकारणीसाठी सहकार्य करण्याचे मान्य करण्यात आले. विशिष्ट दरावर एकमत झाले नाही. भारत या गटाचा सदस्य आहे.

## सद्यस्थिती

भारतात सध्या संपत्ती कर, मृत्युकर किंवा वारसा कर अस्तित्वात नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने मध्यमवर्गीय करदात्यांना मोठी सवलत देऊन नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न, भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न वगळता, करमुक्त केले. अतिश्रीमंतांसाठीचा ३९ टक्के हा सर्वोच्च प्रभावी दर त्यात बदलला नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणारा नवा प्राप्तिकर कायदा २०२५ मध्ये संमत झाला. त्याने कायद्याची भाषा व मांडणी सुलभ केली, परंतु उत्पन्नाऐवजी संपत्तीवर कर आकारण्याचा किंवा शेतीचे उत्पन्न करपात्र करण्याचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

## हेही पाहा

- भारतातील प्राप्तिकर
- भारताचा वित्त आयोग
- आर्थिक विषमता
- काळा पैसा
- चिंतामणराव देशमुख
- यशवंतराव चव्हाण